कोपरावरचा हात

“वर चढतांना चांगला पाय आधीं, खालीं उतरतांना दुबळा पाय आधीं,” हें सूत्र आठ महिने मी इतकें घोकीत होतों कीं, मुंजीनंतर संध्याही मीं इतकी घोकली नसेल.

२०२४ सालच्या आषाढांत एका पहाटे जाग आली ती डावें अंग लुळें पडूनच. झोपेंत झटका नेमका केव्हां आला हें कोणास सांगतां येईना. त्यामुळें रक्ताची गुठळी विरघळविण्याचें जें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, तें मला मिळूं शकलें नाहीं. मेंदूच्या उजव्या बाजूचा कांहीं भाग मेला तो मेलाच. परंतु शेजारचे भाग पुनःपुन्हां केलेल्या सरावानें त्याचें काम थोडेंफार शिकून घेतात, असें फिजिओथेरपिस्ट मुलीनें सांगितलें, आणि खुर्चींतून पन्नास पन्नास वेळां उठावयास लावून पटवूनही दिलें. काठी चांगल्या हातांत धरावयाची, दुबळ्या बाजूस नव्हे, हेंही तिच्याकडूनच कळलें. मी आयुष्यभर उलटें समजत होतों!

चार महिन्यांत पाय उचलूं लागला. धीर मात्र होईना. दिवाळीच्या सुमारास न्हाणीघराच्या उंबऱ्यावर एकदां पडलों. लागलें कांहींच नाहीं. पण त्या दिवसापासून सौ.चा हात माझ्या डाव्या कोपरावर जो बसला तो तेथून हललाच नाहीं. त्या हाताचा मला आधार वाटे आणि रागही येई. खरें सांगावयाचें तर, रागापेक्षां आधारच अधिक. कोणी “आतां कसें काय?” असें मला विचारलें कीं उत्तर तीच देई, आणि मी देऊं देई.

आमचें घर पुण्यास, पर्वतीजवळ. त्या टेकडीच्या १०३ पायऱ्या मी तीस वर्षें रोज चढलों होतों. फाल्गुनांतील एका सकाळीं मी म्हणालों, “नुसतें पायथ्यापर्यंत जाऊन येऊं.”

पहिल्या पायरीशीं थबकलों. सौ. कांहीं बोलली नाहीं. तिनें पदर सावरला आणि कोपरावरचा हात काढून घेतला. मीं चमकून पाहिलें. तिचा चेहरा माझ्याहून अधिक घाबरलेला होता. ओठ हलत होते, बहुधा रामरक्षा चालली असावी.

सात पायऱ्या झाल्या. आठवीवर मी बसलों. धांवत वर निघालेला एक मुलगा थांबून म्हणाला, “आजोबा, हात देऊं?”

“नको,” असें आम्ही दोघेंही एकदम म्हणालों.

उतरतांना मात्र दुबळा गुडघा अधिक दगा देतो; तेव्हां तिचा हात मीं मागून घेतला.