फिनाले, रिझॉल्व्ह आणि ऱ्हस्व वेलांटी

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. आठवडाभर क्लाएंटचा कोड आणि विरार लोकल, त्यामुळे लिहिणं जमतं ते शनिवारीच. आजचं जरा तांत्रिक आहे. कंटाळा आलाच तर आकडेमोडीचा परिच्छेद गाळा :)

आमच्या वसईत एक सर आहेत. निवृत्त शिक्षक, चर्चच्या गायनमंडळाला शिकवतात. (नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.) वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इथे मिस्सा मराठीत होते आणि तिच्यातली गाणीही मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना करायची मोकळीक दिली, त्यानंतरची ही गोष्ट. सर ही गाणी चार आवाजांत बांधतात, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, आणि स्टाफ नोटेशनमध्ये म्हणजे पाच रेघांवर लिहितात. हिंदी सिनेमात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं वाद्यवृंदासाठी लिहायची तीच ही पद्धत.

फक्त सर कागदावर लिहीत नाहीत. ते फिनाले २००६ वापरतात, विंडोज एक्सपीवर. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला. फिनाले हे १९८८ पासूनचं सॉफ्टवेअर, पण २६ ऑगस्ट २०२४ ला मेकम्युझिक कंपनीनं त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. कारणांत एक कारण होतं कोडच्या लक्षावधी ओळींचं साचलेलं ओझं. हे वाचून मला आमचंच एक प्रोजेक्ट आठवलं, पण ते असो. सरांना बातमी सांगितली तर म्हणाले, "माझं तर चालतंय ना?" चालत होतंच.

माझ्याकडे दाविंची रिझॉल्व्ह आहे. ब्लॅकमॅजिकनं २००९ मध्ये दाविंची विकत घेतली तेव्हा ती रंगदुरुस्तीची महागडी यंत्रणा होती, आज तिची फुकटची आवृत्तीसुद्धा आख्खा सिनेमा कापू शकते. तर नाताळसाठी गायनमंडळाचा व्हिडिओ करायचं ठरलं. मंडळींनी एका कानात इअरफोन लावून फिनालेच्या बेसूर पियानोवर गायचं, मी शूट करायचं, आणि नंतर दृश्यं गाण्याच्या मात्रांवर कापायची. खाली मराठी शब्दही दिसले पाहिजेत, अशी सरांची अट.

आता आकडेमोड. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. गाणं मिनिटाला ७२ मात्रांचं. म्हणजे एक मात्रा २०.८३ फ्रेमची. प्रत्येक मात्रा २१ फ्रेमची धरली तर १२८ मात्रांत २१ फ्रेमचा फरक पडतो, जवळजवळ एक सेकंद. तोवर तोंडं एकीकडे आणि कट दुसरीकडे.

"सर, लय ७५ करूया का? मात्रा बरोबर २० फ्रेमची होते."

"आणि बासवाल्यांनी श्वास कधी घ्यायचा? गाणं तुझ्या कात्रीसाठी लिहिलेलं नाही रे."

विषय संपला. शिवाय शेवटच्या चार मापांत सरांनी लय हळूहळू उतरवली आहे, तिथे एका आकड्यानं भागतच नाही. मग मी फिनालेतून मिडी फाइल काढली. त्यात प्रत्येक ठिकाणची लय नोंदलेली असते, उतरती लयसुद्धा. पायथनच्या चाळीसेक ओळींत प्रत्येक मापाची वेळ गाण्याच्या सुरुवातीपासून मोजली, तिला २५ नं गुणलं, आणि ईडीएल फाइल करून रिझॉल्व्हमध्ये मार्कर म्हणून आत घेतली. टाइमलाइनवर मापामापाला निशाणी! वीस वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर आजच्याला सांगतंय, इथे काप. मला विचाराल तर दोघांमधलं शहाणं तेच. रिझॉल्व्हची टाइमलाइन सेकंद आणि फ्रेममध्ये चालते. माप कुठे सुरू होतं, सम कुठे येते, हे ती टाइमलाइन सांगत नाही.

खरी गंमत शब्दांत झाली. फिनालेत युनिकोड आलं २०१२ च्या आवृत्तीत. त्याआधी मराठी लिहायचं तर जुने डीटीपी फॉन्ट. त्यात पडद्यावर 'ख्रि' दिसतं, पण फाइलमध्ये असते रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी. व्हिडिओपुरते शब्द मी हातानं टाइप केले. पण सरांच्या मशिनवर अशी १४० गाणी आहेत, फाइली डॉट एमयूएस, आणि हार्ड डिस्क सुरू होताना हल्ली कट्कट वाजते. त्या सगळ्याची दुसरी प्रत म्हणजे चर्चच्या कपाटातली झेरॉक्सची बाडं, तीही काही आवाजांची गहाळ.

फाइलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घेणं पाच मिनिटांचं काम, ते त्याच दिवशी केलं. पण उघडणार कशात? मोफत मिळणारं म्यूझस्कोर ही फाइल वाचत नाही. मधला पूल म्हणजे म्यूझिक-एक्सएमएल, मायकेल गुड यांनी तयार केलेला, २००४ मध्ये १.० आवृत्ती आलेला फॉरमॅट. सरांचं फिनाले तो देतं. स्वर नीट जातात, शब्द मात्र खिचडीच्या खिचडीच.

म्हणून आता शनिवारी फॉन्टचा तक्ता करून शब्द युनिकोडमध्ये बदलतोय. छळ आहे तो ऱ्हस्व वेलांटीचा. जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाआधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट: तिथे अक्षराच्या नंतर, इथे आधी. सलग मजकुरात वेलांटी कुठल्या जोडाक्षरापलीकडे न्यायची हे ठरवताना घाम फुटला असता. पण गाण्याचे शब्द सरांनी स्वराखाली एकेक अक्षर तोडून लिहिलेत, त्यामुळे वेलांटीला पळायला जागाच नाही, जे काय व्हायचं ते त्या एका तुकड्यात. गाण्यासाठी केलेली फोड माझ्या प्रोग्रामच्या कामी आली.

तरी प्रत्येक गाणं छापून सरांना दाखवावं लागतं. ते पेन्सिल घेऊन बसतात, पियानोला हात न लावता चारही आवाज मनात वाचतात, आणि मला न दिसलेला एखादा बंधकंस बरोबर पकडतात. मधेच थांबून "हे बसवलं तेव्हा टेनरला दोघंच होते" असं काहीतरी सांगतात, मग अर्धा तास गेलाच.

आजवर ६१ झाली. ६२ वं पुढच्या शनिवारी. त्याला चार कडवी आहेत, आणि कळलं असं की त्या वर्षी सरांनी फॉन्ट बदलला होता.