विजेच्या तरंगाची साक्ष

पुष्कळ दिवस मनात घोळत असलेली एक हकीकत या वार्षिकाच्या निमित्ताने आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. ती आम्हांस भूषणावह नाही. परंतु तिच्यात विजेच्या शास्त्राचा जो भाग आहे तो वरच्या वर्गांतील मुलांस उपयोगी पडेल, म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहितो.

जमिनीखालील टाकीचे पाणी गच्चीवर चढविणारा आपल्या शाळेचा एक अश्वशक्तीचा पंप सर्वांच्या परिचयाचा आहे. तो चालविणारे शिपाई कल्याणहून पहाटेच्या लोकलने ठाण्यास येतात. सारी शाळा त्यांस नुसते 'मामा' म्हणते. त्या पंपाची मोटार एका वर्षात दोनदा जळाली. दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ती उघडून, "पाणी नसताना पंप कोरडा चालला असेल," एवढेच म्हटले आणि आम्हांस तेवढे पुरले. इमारतीची देखरेख आमच्याकडे असल्यामुळे मामांना द्यावयाच्या ताकीदपत्राचा मसुदा आम्हीच लिहिला. ते घेताना मामा म्हणाले, "सर, मोटार चालू केली की खोलीतला दिवा मिणमिणतो." आम्ही म्हणालो, "दिव्याचे नंतर पाहू." दोन्ही पक्ष ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे त्याच आठवड्यात आम्ही आठवीच्या वर्गात शिकविले होते!

पुढे विज्ञान मंडळाच्या मुलांनी मोटारीचा विद्युद्दाब व प्रवाह यांचे तरंग टिपण्याचा प्रयोग काढला. तरंग म्हणजे काय हे समजावण्यास आम्ही रेल्वेचा आधार घेतला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली, ती १,५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर. त्या प्रवाहाचे चित्र काढावे तर ते एक सपाट रेघ. आज डोंबिवलीच्या फलाटावरील तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. तो सेकंदास ५० वेळा वर चढतो व खाली उतरतो. नव्या लोकलची मोटार तोही जसाच्या तसा घेत नाही. गाडीतील यंत्रणा त्यापासून निराळे तरंग घडविते व वेगाबरोबर त्यांची गती वाढवीत नेते. गाडी सुटताना खालून जो चढता सूर ऐकू येतो तो या घडामोडीचाच. "म्हणजे सर, आम्ही रोज तरंग ऐकतो," असे एक मुलगी म्हणाली. बरोबर म्हणाली.

असे तरंग कागदावर उतरविण्याची खटपट जुनी आहे. १८८० साली जुबेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने यंत्राच्या दांड्यावर असा स्पर्शक बसविला की, प्रत्येक फेऱ्यात एकाच क्षणाचा दाब मोजता यावा. मग तो स्पर्शक थोडाथोडा सरकवून एकेक ठिपका मिळवावयाचा व ठिपके जोडून तरंग काढावयाचा. पुढे १८९३ साली ब्लाँडेल याने ऑसिलोग्राफ काढला आणि संबंध तरंग एकदम दिसू लागला. आमच्या मुलांचे साधन होते आर्डुइनो नावाच्या पट्टीवरील मायक्रोकंट्रोलर. बोटाच्या पेराएवढी ती चकती जुबेरप्रमाणेच ठिपके घेते, फक्त फार भराभर.

मोटारीच्या एका तारेभोवती चिमट्यासारखी प्रवाह-रोहित्राची कडी बसविली. तीत तार कापावी लागत नाही. दाबासाठी एका लहान रोहित्राने २३० व्होल्टचे ९ व्होल्ट केले व तेही विभागून आणखी लहान केले. या मायक्रोकंट्रोलरला शून्याखालील दाब वाचता येत नाही, म्हणून दोन्ही तरंग अडीच व्होल्टनी वर उचलले. पालकांनी काळजी करू नये: २३० व्होल्टकडील सर्व जोडण्या परवानाधारक वायरमनने केल्या, मुलांचा हात ५ व्होल्टच्या पलीकडे गेला नाही.

ही चकती ५ व्होल्टचे १,०२४ भाग करून प्रत्येक वाचनास अंक देते. एका वाचनास सुमारे ११२ मायक्रोसेकंद लागतात. दाब व प्रवाह आळीपाळीने वाचले, तर २० मिलिसेकंदांच्या एका आवर्तनात प्रत्येकी ८९ ठिपके पडतात. पण येथे एक मौज आहे. चकतीला दोन वाटांनी वाचता येते, तरी वाचणारा डोळा एकच. दाब पाहून प्रवाहाकडे वळेपर्यंत तरंग दोन अंश पुढे गेलेला असतो. मोटारीतील प्रवाह दाबाच्या किती मागे राहतो हे मोजावयाचे, आणि मोजणाराच दोन अंशांची चूक घालणार! मुलांनी ती गणिताने वजा केली. रोहित्रेही आपापला थोडा फरक घालतात, तो साध्या दिव्याच्या भारावर तपासून काढला. कारण तेथे दाब व प्रवाह बरोबरच चालतात. दुसरी अडचण स्मृतीची. चकतीत जागा अवघी २,०४८ बाइटची. चार-साडेचार आवर्तनांत ती भरते. तेव्हा एका मुलाने तोड सुचविली की, पहिली चार आवर्तने संपूर्ण ठेवावी आणि पुढे प्रत्येक आवर्तनाचे शिखर तेवढे संगणकाकडे पाठवावे.

मोटार चालू केली. कोणतीही अशी मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते व वेग येताच तो उतरतो. आमची मोटार २५ अँपिअर ओढत साडेतीन सेकंद तशीच घुटमळली, मग ६ अँपिअरवर आली. दाबाचा तरंग त्या वेळी २३० वरून १८५ व्होल्टवर बसला होता. तोच दाब मुख्य फलकापाशी मोजला, तर तेथे तो केवळ ४ व्होल्टनी उतरला. म्हणजे उरलेले ४१ व्होल्ट फलक व मोटार यांच्यामधील तारेत कोठेतरी खाल्ले जात होते. दाब घटला की मोटारीचा फिरविण्याचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १८५ व्होल्टवर तो दोन-तृतीयांशही उरत नाही. मोटार मग हळूहळू वेग घेते, तोपर्यंत मोठा प्रवाह वेटोळ्यांतून वाहतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. उन्हाळ्यात पाणी थोडेथोडे येई, त्यामुळे पंप दिवसातून दहा-बारा वेळा सुरू करावा लागे. असा पंप कोरडा चालला असता, तर प्रवाह उलट कमी दिसला असता. त्यात पाणी अडविणारे सील आधी जाते.

वायरमनने भिंतीवरील पेटी उघडली. आतील एक जोड काळा पडून त्याचे वेष्टन वितळले होते. पंपाच्या खोलीतील दिवाही त्याच जोडापुढे होता. तो मिणमिणत होता याचे कारण आमच्या हातातील कागदावर होते, आणि मामांनी ते आम्हांस आधीच सांगितले होते.

जोड बदलला, जाड तार घातली. आता मोटार सेकंदाच्या आत वेग घेते. ताकीदपत्र परत घेण्याविषयी आम्ही कार्यालयास लिहिले व ते परत घेण्यात आले. मामांना प्रयोगशाळेत बोलावून मुलांच्या देखत म्हणालो, "मामा, चूक आमची होती. तुमचे ऐकून घ्यावयास हवे होते." ते काही वेळ कागदावरील दोन रेघांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, यातली दिव्याची कोणती?" मुलांनी दाबाच्या तरंगाचा बसलेला भाग दाखविला. त्यांनी त्यावर बोट फिरविले आणि टाकी भरली का ते पाहावयास गच्चीवर गेले.