युद्धाची चित्रपुस्तके

तळहाताहून जराशी मोठी, रंगीत मुखपृष्ठाची आणि आत केवळ काळ्या शाईची चित्रे असलेली ‘कमांडो’ मालिकेतील पुस्तके आजच्या तरुण वाचकांच्या परिचयाची असण्याचा संभव कमीच. स्कॉटलंडमधील डंडी शहरातील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने 1961 च्या जुलैत ही मालिका सुरू केली. साठाहून अधिक पाने, पानावर दोन किंवा तीन चित्रे आणि एक संपूर्ण कथा. विषय बहुधा दुसरे महायुद्ध. लेखकाचे वा चित्रकाराचे नाव कितीतरी वर्षे त्यांवर छापले जात नसे. ज्या हातांनी एवढे सुंदर काम केले ते हात अनामिक राहिले, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

माझे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले. तेथील अँग्लो-इंडियन कुटुंबांतून ही पुस्तके घरोघर फिरत आणि अखेरीस आम्हा मराठी मुलांच्या हाती येत. मराठीत आमच्यासाठी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ होता. परंतु वेताळ जंगलात राहणारा, तर ‘कमांडो’तील रणगाडे खरोखरच कोठेतरी धडधडले होते, ही जाणीव आम्हांस अधिक खेचून घेई. इंग्रजी पुरते कळत नसे. चित्रे मात्र कळत.

गेल्या पावसाळ्यात एरंडोलच्या बाजारपेठेतील एका रद्दीच्या दुकानात सुतळीने बांधलेला या पुस्तकांचा गठ्ठा मला दिसला. दुकानदाराने तो किलोच्या भावानेच दिला. खान्देशात आजकाल कापसाला भाव नाही, मग रद्दीला कोठून असणार, असे तो हसत म्हणाला. त्या गठ्ठ्यात चोवीस पुस्तके होती.

चाळीस वर्षांनंतर ती वाचताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती शत्रूच्या तोंडच्या भाषेची. जर्मन सैनिक मोजकेच शब्द बोलतात. ‘हेंडे होख’, म्हणजे हात वर. आणि गोळी लागली की ‘गॉट इम हिमेल’. बालपणी ही आम्हांला शिवी वाटे. तिचा अर्थ ‘स्वर्गातल्या देवा’ असा आहे, हे सेमिनरीत गेल्यावर समजले. महाराष्ट्रातील आपल्या कितीतरी धर्मग्रामांची पायाभरणी ज्यांनी केली ते येशूसंघीय धर्मगुरू याच भाषेत प्रार्थना करीत असत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले व मायदेशी धाडले. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला त्या चित्रांतील शिरस्त्राणाखालचा चेहरा नुसता शत्रूचा म्हणून पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट मला दिसली नाही, ती एका मुलाने दाखवली. आमच्या शेजारचा हा मुलगा पहाटे महामार्गाच्या कडेने धावतो. त्याला सैन्यात जायचे आहे. 2022 पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांचीच सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुले कायम होणार, हे त्याच्या आईच्या जिवाला लागून राहिले आहे. त्याला त्याचे काही नाही. त्याने सगळा गठ्ठा दोन दिवसांत चाळला आणि मला विचारले, “फादर, यामा आपला कोनीच नही का?”

मी पुन्हा पाहिले. एका कथेत एक गुरखा होता, तेवढाच. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक होते. एकट्या इटलीत साडेपाच हजारांहून अधिक पडले.

मग मी त्याला यशवंत घाडगे यांची हकीकत सांगितली. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा नाईक, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. वय बावीस. 10 जुलै 1944 रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला व त्याच्याखेरीज सारे जण मेले वा जखमी झाले. तो एकटाच धावत गेला. हातबाँब टाकून त्याने ती तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली. गोळ्या संपल्या तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याने ठार केले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरले आहे. 2023 मध्ये इटलीतील मोंतोने गावानेही त्याच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारली.

दस्त्याचा भाग सांगावा की वगळावा, असा क्षणभर विचार माझ्या मनात आला होता. ‘कमांडो’च्या चित्रकाराने तो प्रसंग दूरून, सावलीत काढला असता. ज्या मुलाला तेच काम पत्करायचे आहे त्याच्यापासून तो झाकून ठेवणे मला योग्य वाटले नाही.

तो बराच वेळ गप्प होता. त्या दोघा जर्मनांची नावे कोठे लिहिली आहेत काय, असे त्याने विचारले. मजजवळ ती नव्हती.

भरतीच्या मेळाव्याला जाताना त्याने एक पुस्तक मागून नेले. उरलेली तेवीस वाचनाच्या मेजावर आहेत. रविवारी मिस्सा संपली की लहान मुले ती घेऊन अंगणात बसतात आणि मधूनच कोणीतरी ‘हेंडे होख’ म्हणून ओरडते.