खनिजाचे नाव पुराव्याने ठरते

पुण्याच्या नावाचे एक खनिज एके काळी शास्त्रात नांदत होते. हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये पुणे भागातल्या पांढऱ्या, सुईदार स्फटिकांना ‘पूनाहलाइट’ असे नाव दिले. पुढे ते मेसोलाइटच असल्याचे ठरले. मेसोलाइट हे नाव १८१६ पासून चालत आलेले, त्यामुळे पुण्याचे नाव बाद झाले. आपल्या अभिमानाला हे लागते खरे, पण निकाल योग्यच होता. खनिजाचे नाव म्हणजे अमुक रासायनिक घटक अमुक अणुरचनेत बांधलेले आहेत, असा तपासता येणारा दावा असतो. तो दावा टिकला तरच नाव टिकते. मग ते गावाचे असो, माणसाचे असो की गुणाचे.

वरकुटे गावासह पुणे जिल्ह्यातला सगळा इंदापूर तालुका दख्खनच्या काळ्या कातळावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत नंतर खनिजयुक्त पाण्यातून स्फटिक वाढले. विहीर खोदताना अशी पोकळी फुटली की निघेल त्या चकाकत्या वस्तूला आपण ‘गारगोटी’ म्हणतो. व्यवहाराला ते पुरते, ओळखीला मात्र पुरत नाही. खरी गार, म्हणजे क्वार्ट्‌झ, पोलादी चाकूने ओरखडत नाही. अशाच पोकळ्यांत वाढणाऱ्या अपोफिलाइट या खनिजावर मात्र त्याच चाकूचा ओरखडा उठतो. एवढी साधी परीक्षाही दोन खनिजे वेगळी काढते. पण पांढऱ्या सुयांचा झुबका हाती आला, तर तो नॅट्रोलाइट, मेसोलाइट की स्कोलेसाइट, यांपैकी कोणत्या झिओलाइटचा हे डोळ्यांनी सांगणे धाडसाचे ठरते. नॅट्रोलाइटमध्ये सोडियम असते, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, आणि मेसोलाइटमध्ये दोन्ही. रूप मात्र जवळजवळ एकच. ब्रूकच्या काळातल्या साधनांनी घोटाळा झाला यात नवल नाही.

अपोफिलाइटची गोष्ट याच मुद्द्याला बळ देते. तापवल्यावर आतले पाणी निघून जाते आणि स्फटिकाचे पापुद्रे सुटतात, म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ आउई यांनी १८०६ मध्ये ‘पाने सुटणारे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. म्हणजे नावात एक प्रयोगच साठवला होता. पण तो प्रयोग स्फटिकात फ्लोरिन जास्त आहे की हायड्रॉक्सिल, हे सांगत नाही. म्हणून १९७८ मध्ये ‘अपोफिलाइट’ हे एका खनिजाचे नाव न राहता गटाचे नाव झाले आणि घटकांनुसार नवी नावे आली. आपल्याकडे बाजारात त्याला सर्रास झिओलाइट म्हणतात, तेही चूक आहे. त्याची सिलिकेट रचना थरांची असते, तर झिओलाइटची रचना तिन्ही दिशांना जोडलेल्या, पोकळ्या असलेल्या सांगाड्याची. दोघे शेजारी वाढतात, एवढ्यावरून एका कुळातले ठरत नाहीत.

यावर आक्षेप येतो की शास्त्रज्ञच नावे स्थिर ठेवत नाहीत, मग सामान्यांनी का डोके शिणवावे? आक्षेपात तथ्य आहे. अपोफिलाइट गटातली नावे २००८ मध्ये बदलली आणि २०१३ मध्ये पुन्हा जवळपास जुन्या वळणावर आली. परंतु दोन्ही वेळा लिहिण्याची पद्धत बदलली. कोणत्या घटकांनी खनिज वेगळे ठरते, तो निकष तसाच राहिला. दुसरा आक्षेप असा की रासायनिक नावांत मातीचा वास उरत नाही. कॅव्हनसाइट हे त्याचे उत्तर आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जुळवून हे नाव बनले. त्याचे वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले, तरी गर्द निळ्या कॅव्हनसाइटसाठी जगभरचे संग्राहक आज पुण्याजवळच्या वाघोलीचे नाव घेतात. नावात गाव नाही म्हणून गावाचा मान कमी झालेला नाही.

कारण खनिजाचे नाव आणि नमुन्याचा पत्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नाव उद्या सुधारता येते. हरवलेला पत्ता मात्र प्रयोगशाळेतून परत मिळवणे फार कठीण. तेव्हा वरकुट्यात किंवा आसपास विहिरीत स्फटिक निघालेच, तर घाईने भारदस्त नाव चिकटवू नये. चिठ्ठीवर गाव, शिवार, खोली, सोबतची खनिजे आणि तारीख लिहावी. तपासणी झाली नसेल तर ‘अपोफिलाइट गट’ किंवा ‘पांढरे सुईदार झिओलाइट, तपासणी बाकी’ एवढेच लिहावे. अर्धवट पण खरी चिठ्ठी अभ्यासकाच्या उपयोगी पडते, चुकीचे नाव त्याची दिशाभूल करते.