राक्षसाची मजुरी

पी.एल. म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं करायचे दिवस, हे ज्युनियर्सना सांगायला नको. अशाच एका पी.एल.मध्ये रूमपार्टनरच्या लॅपटॉपवर 2018 सालचा ‘गॉड ऑफ वॉर’ जागून जागून संपवला. शेवटी कळतं की त्या पोराची आई ‘जायंट’ होती. (ज्यांचा व्हायचाय त्यांनी माफ करावं!) मी चाट. कारण माझ्या डोक्यातले नॉर्स राक्षस म्हणजे ‘एज ऑफ मिथॉलॉजी’तले, समोरच्याला गोठवून टाकणारे धिप्पाड गडी. नाहीतर 2011 च्या ‘थॉर’ पिक्चरमधले, निळे अंग आणि लाल डोळेवाले.

मग मूळ गोष्टी शोधत बसलो. 13व्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टर्लुसनने त्या ‘एडा’ नावाच्या ग्रंथात लिहून ठेवल्यात. त्यातले राक्षस, म्हणजे योटुन, सगळेच काही अवाढव्य नाहीत. खुद्द ओडिनची आई बेस्टला राक्षसाची पोर. म्हणजे हे देव जन्मभर मामाकडच्या लोकांनाच बदडत फिरले! आणि मार्व्हलने हिमराक्षसांचा राजा केलेला लोकीचा बाप लॉफी? मूळ कथेत ती लोकीची आई आहे.

पण मला खरी लागली ती गवंड्याची गोष्ट. एक अनोळखी माणूस देवांकडे येतो. म्हणतो, तुमच्या वस्तीभोवती भक्कम तट बांधून देतो, मजुरी म्हणून फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र द्या. देव म्हणतात, एका हिवाळ्यात कर, मदतीला माणूस घ्यायचा नाही, एक दिवस उशीर झाला तर काही मिळणार नाही. तो फक्त घोडा मागतो. घोडा रात्रभर दगड ओढतो, हा दिवसा बांधतो. मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा काम वेशीपर्यंत आलेलं. देवांची पाचावर धारण. लोकी घोडी बनून घोड्याला पळवून नेतो आणि काम रखडतं. गवंडी संतापतो, तेव्हा कुठे देवांना कळतं की हा राक्षस आहे. तोवर तो साधा कामाचा माणूसच दिसत होता! शपथा घेतलेल्या असूनही थॉर येतो आणि हातोड्याने त्याचं डोकं फोडतो. हिशोब मिटला.

हे वाचून झोप लागेना. आमच्या गो-कार्टची फ्रेम ज्या वेल्डरकाकांनी करून दिली, त्यांचे उशीर झाला म्हणून आम्ही 1500 रुपये कापले होते. खरं तर पाइप आम्हीच चार दिवस उशिरा नेऊन दिले. त्या वेळी बाहेर येऊन ‘कसं गुंडाळलं!’ म्हणून टाळ्या दिलेल्या. सगळ्यात मोठ्याने मी.

सकाळी ग्रुपमध्ये विषय काढला. दोघांनी दिले, एकाने मला वेड्यात काढलं, उरलेले मी मेसच्या पैशांतून घातले. काकांनी नोटा न मोजता खिशात टाकल्या आणि विचारलं, “पुढच्या वर्षीची फ्रेम कधी आणताय?”