घड्याळाचे माहेर

बंगळूरला जाऊन आलो म्हटले की आमच्या इमारतीतली मंडळी ठरलेले दोन प्रश्न विचारतात. "लालबाग पाहिली का?" आणि "म्हैसूरला जाऊन आलात ना?" लालबाग मी पाहिली, पण ती तिथल्या फुलांच्या घड्याळापुरती. म्हैसूर राहूनच गेले. आठ दिवसांतले दोन दिवस मी एका जुन्या मनगटी घड्याळापायी घालवले, हे ऐकल्यावर समोरचा माणूस सहानुभूतीने माझ्याकडे पाहतो आणि विषय पावसावर नेतो. म्हणून ती हकीकत तोंडी न सांगता इथे लिहून काढतो आहे. दिवाळी अंकाचा वाचक निदान मध्येच उठून तरी जात नाही.

घड्याळ एच.एम.टी.चे. नाव 'जनता'. पांढरी तबकडी, बारीक काटे, रोज चावी द्यायची. नवेपणीही त्याच्याकडे वळून पाहावे असे त्यात काही नव्हते. पण आमच्या पिढीतल्या कोणाही मध्यमवर्गीय माणसाला विचारा. एक तर त्याच्याकडे ते होते, नाहीतर ते आपल्याकडे असावे असे त्याला वाटत होते. मी दुसऱ्या वर्गातला.

१९७२ साली मी कराडला अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या एस.एस.सी.ला बसलो. आमचे अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक. "पहिल्या वर्गात आलास तर घड्याळ," असे ते एकदा बोलून गेले, आणि बोलले म्हणजे त्यांनी ते केलेच. तेव्हा हे घड्याळ दुकानात जाऊन सहज उचलून आणावे अशी वस्तू नव्हती. मागणी फार, माल थोडा. मुंबईच्या मामांनी चार-पाच महिने खेटे घातले तेव्हा एक हाती लागले. परीक्षेच्या आधीच ते आमच्या ट्रंकेत, आईच्या शालूखाली येऊन बसले. घरात कोणी नसले की मी ट्रंक उघडून ती डबी कानाला लावत असे. चावी दिलेली नसल्याने आत काही वाजत नसे. मला मात्र ऐकू यायचे.

मे महिन्यात ताईचे लग्न झाले. याद्यांमध्ये घड्याळाचा उल्लेख नव्हता. पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वरपक्षाकडच्या कोणा वडीलधाऱ्याने, "जावयाचं मनगट मोकळंच ठेवणार का?" असे हसत हसत विचारले. अण्णाही हसले. आत गेले, ट्रंक उघडली आणि डबी घेऊन बाहेर आले. मी दारातच उभा होतो. माझ्याजवळून जाताना ते थांबले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाले, "तुला पुढल्या वर्षी." जूनमध्ये मी पहिल्या वर्गात आलो. ते पुढले वर्ष मात्र कधी आले नाही. ताईच्या पाठीवर आणखी दोन बहिणी होत्या.

त्यानंतर दर भाऊबीजेला मी कोल्हापूरला ताईकडे जाऊ लागलो. पाटावर बसावे, ताईने ओवाळावे, आणि शेजारी उभ्या असलेल्या दाजींच्या मनगटावर नेमके ते घड्याळ दिसावे! दाजी मितभाषी. मीही त्यांच्याशी कामापुरतेच बोलत असे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी घड्याळ घेतले, पण 'जनता' मुद्दाम घेतले नाही. १९९४ साली एक भारीपैकी परदेशी, सेलवर चालणारे घेतले आणि पहिल्यांदा घालून गेलो ते भाऊबीजेलाच. दाजींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "छान आहे," म्हणाले. त्यानंतर 'जनता' त्यांच्या हातात मला दिसले नाही. मोडीत काढले असेल, नाहीतर कोणाला देऊन टाकले असेल, अशी मी मनाची समजूत करून घेतली आणि ती समजूत अनेक वर्षे जपली.

दाजी २०२२ साली गेले. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताईने एक डबी माझ्या हातात ठेवली. "हे तुझं. यांनी सांगून ठेवलं होतं," एवढेच म्हणाली आणि फराळाची ताटे आणायला आत गेली. मी डबी उघडली. चावी दिली. घड्याळ चालू लागले.

मुलगी बंगळूरला असते. तिच्याकडे जायचे ठरले तेव्हा मनात आले, या घड्याळालाही त्याच्या जन्मगावी नेऊन आणावे. उद्यान एक्स्प्रेसने निघालो. सोलापूर, वाडी, गुंतकल करीत गाडी दुसऱ्या दिवशी बंगळूरला पोचली. दोन दिवस विश्रांती झाली आणि तिसऱ्या दिवशी मेट्रोने यशवंतपूरच्या पुढे जाऊन तिथून ऑटोने जालहळ्ळी गाठली.

गाव म्हणून आता जालहळ्ळी वेगळी उरलेली नाही. ती शहराच्या पोटात गेली आहे. पण एच.एम.टी.च्या परिसरात शिरलो की गर्दी मागे राहते. जुनी मोठी झाडे, शांत रस्ते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली इथे निघाली, ती यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करायला. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळांचा कारखाना काढला. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे तुमकूरला, काश्मिरात, नैनितालजवळ राणीबागला असे कारखाने निघत गेले. 'देश की धडकन' ही त्यांची जाहिरात आठवत असेल. कंपनीच्या हिशेबाने दहा कोटींहून अधिक घड्याळे या देशाच्या मनगटांवर चढली. मग क्वार्ट्झचे युग आले. तशी घड्याळे एच.एम.टी.नेही काढली होती; पण १९८७ पासून टायटनची नव्या घाटाची घड्याळे बाजारात आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. चावी नको, तेलपाणी नको, वेळ बिनचूक. माझ्यासारखेच लाखो लोक वळले असणार. तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांची ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

परिसरातल्या एका जुन्या बंगल्यात २०१९ पासून संग्रहालय आहे. यंत्रे आहेत, ट्रॅक्टर आहे. पण लोक रेंगाळतात ते घड्याळांच्या कपाटांपाशी. पायलट, सोना, कोहिनूर, कांचन, बायकांची नाजूक सुजाता. नावे वाचताना एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंची यादी वाचतो आहोत असे वाटते. अंधांसाठी केलेले घड्याळही या कारखान्याचे. त्याची काच झाकणासारखी उघडते आणि आतल्या उठावाच्या ठिपक्यांवर बोट फिरवून वेळ समजते. वेळ पाहण्याची नव्हे, चाचपण्याची वस्तू.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इथे येणारा माणूस क्वचितच रिकाम्या हाताने येतो. कोणाच्या खिशात, कोणाच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेले काहीतरी असते. कपाटात त्याचा जोडीदार सापडला की तो रुमाल सोडतो, आणि मग शेजारच्या अनोळखी माणसाला सगळे सांगून टाकतो.

मला असा पहिला भेटला तो तिशीतला एक तमिळ तरुण. काम संगणकाचे, वेड चावीच्या घड्याळांचे. त्याच्याकडे चाळीसएक एच.एम.टी. होती, आणि त्यातले एकही त्याच्या घरचे नव्हते. पण प्रत्येकाची नोंद त्याने वहीत ठेवली होती : घड्याळ कोणाचे, कोणत्या निमित्ताने घेतलेले, का विकले. पायलट एका निवृत्त हवालदाराचे. मुलीच्या शिक्षणासाठी विकलेले. कांचन एका लग्नातले. ते लग्न टिकले नाही, घड्याळ टिकले. "घड्याळ बाजारात मिळतं सर, गोष्ट मिळत नाही. ती विचारावी लागते," असे तो हिंदीत म्हणाला.

माझे 'जनता' त्याने दिव्याखाली धरले. तबकडीवर पिवळट झाक आली होती. ती नव्याने रंगवून घ्यावी असा माझा बेत होता, तो मी सांगितला. तो जवळजवळ ओरडलाच. कारखाना बंद झाल्यावर या घड्याळांना मागणी आली आणि जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत रंगवून विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. जगभरचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे! "रंगवलंत की ते कोणाचंच राहत नाही. फक्त तेलपाणी करून घ्या," असे सांगून त्याने चिकपेठेतल्या एका कारागिराचा ठावठिकाणा मला लिहून दिला.

आमचे बोलणे ऐकत एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून उभ्या होत्या. माझे हिंदी ऐकूनच त्यांनी ओळखले असावे. "तुम्ही मराठी काय ओ?" त्यांनी विचारले. माहेर बेळगावचे; ऐन तारुण्यात इथे कारखान्यात लागल्या आणि घड्याळे जुळवण्याच्या खात्यात आयुष्य काढले. माझे घड्याळ त्यांनी हातात घेतले नाही, नुसते कानाशी धरायला लावले. "एका सेकंदाला पाच टिकटिक," त्या म्हणाल्या. "तासाला १८,०००. दिवसाला किती, हा हिशेब नातवाला घालते मी." नातवाने तत्परतेने सांगितले, "४,३२,०००!" आत सतरा माणके असतात, झिजू नये म्हणून चाकांच्या टोकांना बसवलेली. धुळीचा एक कण आत गेला तरी सगळे फुकट. म्हणून बोलताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

"तुमचं पहिलं घड्याळ कोणतं?" मी विचारले.

"माझं नव्हे ओ, बाबांचं. पहिल्या पगाराचे पैसे साठवून 'जनता' घेतलं त्यांना. शेतकरी माणूस, घड्याळ वाचता येत नव्हतं. पण रोज सकाळी न चुकता चावी द्यायचे. लोक हसायचे. ते म्हणायचे, वेळ कुठं बघतोय मी, लेकीचा हात चालतोय की नाही ते बघतोय."

मी काही बोललो नाही. माझ्या घड्याळाची हकीकतही सांगितली नाही. त्यांच्यापुढे ती मला थोडी कोती वाटली.

दुसऱ्या दिवशी चिकपेठेत गेलो. चिंचोळी गल्ली, आणि दोन दुकानांच्या मध्ये जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. डोळ्याला भिंग लावलेल्या त्या वृद्ध कारागिराने घड्याळ कानाला लावले, मागचे झाकण उघडले आणि झाकणाची आतली बाजू उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला.

"फार जपलंय कोणीतरी," तो म्हणाला आणि भिंग माझ्या हातात दिले.

झाकणाच्या आतल्या बाजूवर सुईने ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारे लोक आपली खूण आणि तारीख अशी आत कोरून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हते. पहिली ओळ १०/७४. मग १०/७६. मग ११/७८. वर्षाआड एक, आणि महिना नेहमी ऑक्टोबर, नाहीतर नोव्हेंबर. ऐंशीचे दशक संपले, नव्वदचे संपले, तरी ओळी चालूच. १९९४ नंतरही चालूच. शेवटची १०/२१. बहुतेक ओळींपुढे एकच खूण. ती बदलली फक्त शेवटच्या पाच-सहा ओळींत. कोल्हापूरचा तो कारागीरही थकला असावा किंवा गेला असावा.

दिवाळीच्या तोंडावर, वर्षाआड, सत्तेचाळीस वर्षे. मी तिथेच स्टुलावर बसून ताईला फोन लावला.

"दाजी दिवाळीच्या आधी घड्याळ साफ करून आणायचे का गं?"

"मग? तुला द्यायचं म्हणून," ताई अगदी सहज म्हणाली. "ते कोणासाठी आणलेलं होतं ते लग्नानंतर मीच सांगितलं यांना. फार वाईट वाटलं होतं. परत देतो म्हणाले. पण जावयाला दिलेली वस्तू परत आली तर अण्णांना काय वाटेल? हातात दिसलं नाही तरी अण्णा विचारायचे. म्हणून अण्णा असेपर्यंत राहिलं. अण्णा गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला डबी खिशात घालून बसले होते. आणि तू ते नवं घालून आलास."

गल्लीतून एक हातगाडी गेली. ती जाईपर्यंत मी थांबलो.

"मग नंतर साफ कशाला करत राहिले?"

"म्हणायचे, मागेल कधीतरी."

मी कधी मागितले नाही. ते घड्याळ माझ्याकडून हिरावले गेले, एवढेच मी धरून बसलो होतो. ज्यांच्याशी मी कामापुरते बोलत होतो, तो माणूस तेवढीच वर्षे माझी वस्तू माझ्यासाठी चालती ठेवत होता. दोघांतल्या कोणीतरी एक वाक्य बोलायला हवे होते. दाजी मितभाषी होते हे खरे. पण मी तर बोलका समजला जातो.

कारागिराने तासाभरात घड्याळ खोलून, पुसून, तेल घालून पुन्हा जुळवले. तबकडीला हात लावू दिला नाही; तोही लावणार नव्हताच. झाकण बसवण्यापूर्वी त्याने सुई हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले. "तारीख घालू?"

मी मान हलवली. दाजींच्या शेवटच्या ओळीखाली त्याने माझी पहिली ओळ कोरली.

घड्याळ आता माझ्या मनगटावर आहे. दिवसाला ते मिनिटभर मागे पडते. रोज सकाळी चावी देताना मी ते पुढे करून घेतो. या भाऊबीजेला ते घालूनच ताईकडे जाणार आहे. ते परदेशी घड्याळ कुठे ठेवले आहे, ते शोधावे लागेल. पण त्याची आता घाई नाही.