कातड्यावरचें नांव

उतारवयांत मनुष्याला कांहींतरी छंद लागतो, आणि तो बहुधा घरांतील इतरांना उपद्रव होईल असाच लागतो, असा आमचा अनुभव आहे. आमच्या एका स्नेह्यांनीं पेन्शन घेतल्यावर बांसरी हातीं धरली. आम्हीं कातड्यावर अक्षरें उठविण्याचा नाद धरला. त्यामुळें ऐन वामकुक्षीच्या वेळीं आमच्या घरांतून लांकडी हातोडीचे ठोके ऐकूं येऊं लागले. शेजाऱ्यांचें आमच्याविषयीं त्यामुळें काय मत झालें, तें येथें नमूद करण्याचें प्रयोजन नाहीं.

पाहणाऱ्यास हें काम पोरखेळ वाटतें. पितळेच्या कांडीच्या टोकाला उलटें अक्षर कोरलेलें असतें. ती कांडी कातड्यावर उभी धरावयाची व वर ठोका द्यावयाचा, कीं झालें! परंतु सगळेंच कातडें ठसा धरीत नाहीं. क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें मऊ कातडें दाब निघतांच पुन्हां वर येतें. ठसा टिकतो तो बाभळीची साल, हिरडा अशांच्या रसांत कमावलेल्या कातड्यावर. कोल्हापुरी वहाणेचें कातडें याच जातीचें. तेंहि आधीं स्पंजानें ओलवावें लागतें. आणि रंग मूळ पदावर येऊं लागला आहे पण बोटांना अजून गारवा लागतो आहे, अशा नेमक्या वेळीं ठोका द्यावा लागतो. खालीं गुळगुळीत जड दगड हवा. ठोका एकच, दुसरा दिला आणि कांडी केसभर हालली, तर अक्षराला सांवली फुटते. ओल्या कातड्यास लोखंड लागलें तर काळानिळा डाग पडतो. कारण हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वीं जी काळी शाई करीत, तीच तेथें आपोआप तयार होते. शाईचा डाग निदान खरवडतां येतो, असें लिहिणारा म्हणेल. कातड्यावर ती सोय नाहीं.

या आमच्या नादाला काम दिलें तें आमच्या अक्काच्या वहीनें. अक्काचें वय ८५. आईच्या जात्याशीं बसून ऐकलेल्या ओव्या तिनें एका वहींत उतरून ठेविल्या आहेत. आतां तिला अक्षर दिसत नाहीं. तरी दुपारीं ती वही मांडीवर असते. पुठ्ठा कधींच गेला होता. आम्हीं कातड्याचें वेष्टन करण्याचें ठरविलें आणि वर जग तिला ज्या नांवानें ओळखतें तें ‘इंदिरा’ हें नांव उठविलें.

फुटपट्टी लावून, प्रत्येक ठसा मागच्या ठशाला अगदीं चिकटवून आम्हीं तें काम केलें आणि तें साफ फसलें. रोमन अक्षरें खालच्या रेघेवर आपापल्या पायांवर उभीं असतात. एखादें चुकलें तर तेवढेंच चुकतें. आमचीं देवनागरी अक्षरें वळणीवर घातलेल्या कपड्यांसारखीं वरून लोंबतात, आणि वळणीच तुटली तर सगळेंच खालीं येतें. आमच्या ठशांत प्रत्येक अक्षराबरोबर शिरोरेघेचा तुकडा कोरलेला होता. ते तुकडे कोठें एकमेकांवर चढले, कोठें खालीं उतरले, आणि ‘दि’नंतर तर चक्क फट राहिली.

अक्कानें बोट फिरविलें. “ही रेघ इथं तुटली आहे रे. इंदि वेगळी नि रा वेगळी.” थोड्या वेळानें ती म्हणाली, “आणि इंदिरा कशाला? या ओव्या गोदावरीच्या. आईच्या जात्याशीं इंदिरा कधीं बसलीच नव्हती.”

आम्ही गप्प बसलों. १९५८ सालीं तिचें लग्न झालें, तेव्हां आम्ही आठ वर्षांचे होतों. ताटांत तांदूळ पसरून अंगठीच्या टोंकानें तिचें नवें नांव लिहिलें गेलें, तें आम्हीं माना उंच करकरून पाहिलें होतें. मग तांदूळ गोळा झाले, पंगत उठली, आणि गोदावरी हें नांव एकट्या आईच्या तोंडीं उरलें. आई गेल्यावर तें कोणाच्याच तोंडीं राहिलें नाहीं. आम्ही अक्का म्हणणारे. आम्हांला त्याची चुकामूक कधीं जाणवलीच नाहीं.

तशा कातड्याचा एकच तुकडा शिल्लक होता. आम्हीं कानस घेऊन ठशांवरील शिरोरेघेचे तुकडे घासून काढले. आधीं अक्षरें ठोकावयाचीं व रेघ मागाहून पट्टी धरून एकाच ओढींत काढावयाची, म्हणजे शाळेंत पाटीवर करीत होतों तेंच. पण रेघेचें बंधन सुटतांच नवा पेंच पडला : दोन अक्षरांत जागा किती? पट्टीनें मोजून सारखी ठेविलेली जागा डोळ्यांना सारखी दिसत नाहीं. ‘ग’चा दंड आणि त्यापुढील काना, असे दोन उभे खांब समोरासमोर आले कीं त्यांना अंतर अधिक द्यावें लागतें, कान्यापुढें ‘व’चें गोल पोट आलें तर तें थोडें आंत सरकवावें लागतें. मोजावयाचें तें अक्षरांच्या कडांमधील अंतर नव्हे, मधली पोकळी. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक पोथ्या आम्हीं जन्मभर वाचल्या. पण तेथील कोऱ्या जागाहि कोणी तरी जपून बसविलेल्या आहेत, हें आम्हांस या वयांत कळलें.

नांव आधीं कागदावर उठवून, तो कागद मधोमध दुमडून आम्हीं मध्य काढला. कातड्यावर चिकटपट्टीची सरळ कड लाविली, म्हणजे सर्व अक्षरांचीं डोकीं तिला टेकावींत. मधल्या ठशापासून आरंभ करून दोहों बाजूंस गेलों. रेघेखालीं सात ठोके. मग हाडाच्या बोथट पट्टीनें एक अखंड रेघ. मग रेघेवर ‘गो’ची मात्रा आणि ‘री’ची वेलांटी. एकंदर नऊ ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला आम्हीं श्वास रोखून धरला होता.

वही अक्काच्या मांडीवर ठेविली. तिचें बोट ‘गो’पासून निघालें आणि रेघेवरून कोठेंहि न अडतां ‘री’पर्यंत गेलें. मग खालच्या अंगानें परत येतांना थांबलें. “व जरा कलला आहे.”

कलला होता खरा. कांडी तिरपी धरली गेली होती. आम्ही म्हणालों, “नवें कातडें मागवून पुन्हां करतों.”

“राहूं दे. हाताला सांपडलं, पुरे.”

संध्याकाळीं तिचा पणतू आला. त्यानें वही उचलून मोठ्यानें वाचलें आणि विचारलें, “पणजी, ही गोदावरी कोण?”

अक्कानें पाय जवळ घेऊन त्याला जागा करून दिली. “बैस,” ती म्हणाली, “सांगतें.”